गायनॅकॉलॉजी आणि मी

माझी मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, असं मी सौंदडमधल्या निदान चौदा घरांत सांगितलं होतं. त्यात लपवलेलं एवढंच होतं, की तिच्या पेशंटना चार पाय असतात.

खोटं मी एक अक्षरही बोललो नव्हतो! प्रज्ञानं नागपूरला पशुवैद्यकीची पदवी घेतली आणि वर पुढचं शिक्षण घेतलं. त्या विषयाचं नाव मालगाडीएवढं लांब : ‘ॲनिमल रिप्रॉडक्शन, गायनॅकॉलॉजी अँड ऑब्स्टेट्रिक्स’. लोकांना सांगताना मी फक्त पहिले दोन डबे कापायचो. ‘ॲनिमल’ म्हटलं की लोक म्हणत, “म्हंजे ढोरायची डॉक्टर का जी?” आणि ‘रिप्रॉडक्शन’ या शब्दाशी माझं जुनं वैर. तीस वर्षं मी हायस्कूलात विज्ञान शिकवलं. प्रजननाचा धडा आला, की “हा सोपा आहे, घरी वाचून घ्या,” म्हणून थेट प्रकाशाच्या परावर्तनावर उडी मारायचो. अशा माणसाच्या पोटी हे रत्न!

तिनं हा विषय निवडला तेव्हा मी तिला विचारलंही होतं, “अवं, एवढे विषय होते. हाच काऊन?”

“बाबा, गाय वेळेवर गाभण राहिली तर घरात दूध. नाही राहिली तर ती नुसता चारा खाते. सगळं तिथंच तर अडून राहिलं आहे,” ती म्हणाली. पुढे ती चांगल्या गाईचे भ्रूण दुसऱ्या गाईच्या पोटात वाढवण्याबद्दल बोलत होती, तोवर मी पेपर उघडून तोंडासमोर धरला होता.

तर ती शेवटची परीक्षा पास होऊन आठ दिवसांसाठी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन ओसरीवर आलो, तर ओसरीत बसायला जागा नाही! पाच बाया. प्रत्येकीच्या हातात फाईल. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या शांताबाई, आणि त्यांच्यामागे सातव्या महिन्यातली सून.

“गुरुजी, मॅडम उठल्या का जी? भंडाऱ्याले जाऊन जाऊन थकलो बाप्पा. आता घरचीच डॉक्टर आली!”

मी आत पळालो. प्रज्ञा केस पुसत होती.

“बाळा, बाहेर… काही पेशंट आले आहेत.”

“गाई?”

“नाही. बाया.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. अशाच नजरेनं मी तीस वर्षं पोरांकडे पाहत आलो. त्याचा त्रास काय होतो ते त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघरातून माझी बायको कुसुम म्हणाली, “मी सांगून सांगून थकली. पूर्ण नाव सांगा, पूर्ण नाव सांगा! आता निस्तरा.”

प्रज्ञा बाहेर गेली आणि हात जोडून म्हणाली, “काकू, चूक झाली. मी जनावरांची डॉक्टर आहे.”

शांताबाईंचा चेहरा लाल झाला. “मंग आमी का जनावर हाओ का जी, गुरुजी?”

“नाही, नाही! म्हणजे… शास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर… माणूस हाही सस्तन प्राणीच…” (इथं थांबायला हवं होतं. थांबलो नाही.) “गर्भाशयाची रचना तर बरीचशी…”

“बाबा, गप बसा!” प्रज्ञा आणि कुसुम एकदमच म्हणाल्या.

एवढ्यात मागच्या गल्लीतला देवराव धावत आला. “गुरुजी, दवाखान्याच्या डॉक्टरचा नंबर हाय का जी? माही चंद्री पहाटपासून कण्हून राहिली. पिल्लूच नाई येऊन राहिलं! डॉक्टर दुसऱ्या गावाले लसा टोचाले गेले, फोन नाई लागून राहिला.”

चंद्री म्हणजे त्याची म्हैस. देवरावची पोरं तिच्या दुधावर वाढली होती. प्रज्ञानं आतून बॅग आणली आणि चप्पल घातली. तिच्यामागे देवराव, देवरावच्या मागे मी, आणि माझ्यामागे फाईलींसकट पाचही बाया!

गोठ्यात पोचताच प्रज्ञानं खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा हातमोजा चढवला आणि हात आत घालून डोळे मिटले. मी भिंतीकडे पाहत होतो.

“पिशवीला पीळ पडलाय,” ती म्हणाली. “धुतलेलं लुगडं पिळतो ना, तसा. पिल्लाला वाटच नाही. आतलं पिल्लू अजून हलतं आहे, पण वेळ फार नाही. देवराव काका, दोरखंड आणा. सात-आठ माणसं लागतील. आणि एक लांब, मजबूत फळी.”

फळी आली नाटकाच्या मंचाची. गावात नाटक होऊन चारच दिवस झाले होते, सामान समाजमंदिरात पडून होतं. चंद्रीला कुशीवर आडवं पाडलं, पुढचे-मागचे पाय बांधले. फळीचं एक टोक जमिनीवर आणि बाकीची तिच्या पोटावर आडवी.

“आता हिला पिळाच्याच बाजूनं हळूहळू लोळवायचं. फळीवर वजन ठेवलं की आतली पिशवी जागच्या जागी राहते, म्हैस तेवढी फिरते, आणि पीळ सुटतो. कोणीतरी जड माणूस पाहिजे.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मी? मला यातलं काय येतं?”

“काही करायचं नाही, बाबा. नुसतं उभं राहायचं.”

“गुरुजीले जमते ते,” शांताबाई म्हणाल्या. “तीस वर्सं तेच केलं.”

मी धोतर खोचून फळीवर चढलो. पुरुषांनी दोर ओढले, चंद्री फिरली, आणि मी शेणात! “पुन्हा,” प्रज्ञा म्हणाली. दुसऱ्यांदा मी तोल सावरायला हात पसरले तो देवरावच्या डोक्यावरचा दुपट्टा हातात आला. “अजून थोडा पीळ आहे. पुन्हा!” तिसऱ्यांदा शांताबाईंनी फाईल सुनेकडे दिली, पदर खोचला आणि मला मागून धरून ठेवलं. “पोरीची लाज राखा, गुरुजी! हलू नका!”

दोर ताणले. चंद्री पूर्ण फिरली. प्रज्ञानं हात घातला आणि तिचा चेहरा उजळला. “सुटला!”

पुढचा वेळ ती गुडघ्यांवर बसून पिल्लाचे पाय हळूहळू बाहेर घेत होती. घामानं निथळत होती. चंद्रीशी अशी बोलत होती, जशी तिची आई लहानपणी तापात तिच्याशी बोलायची. मी भिंतीकडे पाहणं केव्हा सोडलं, मलाच कळलं नाही. मग काळं, ओलं, चकचकीत पिल्लू गवतावर पडलं. हललं नाही. प्रज्ञानं त्याचं नाक साफ केलं, छाती जोरजोरात चोळली, आणि ते शिंकलं!

“वगार हाय वगार!” पारडी झाली म्हणून देवराव ओरडला आणि रडायलाच लागला. मीही. विज्ञानाच्या त्या धड्याचं हे प्रात्यक्षिक मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो आणि शिकवणारी माझी पोरगी होती. मी मोठ्यानं सांगितलं, “ऐका! माझी मुलगी पशुप्रजननशास्त्राची डॉक्टर आहे!” पहिले दोन्ही डबे जोडून.

“माहीत हाय जी,” शांताबाई म्हणाल्या. “गायनाकोलाजी. त्याच्यात गाय हायच ना. शिकल्या-सवरल्या माणसाले एवढंही नाई समजून राहिलं!” मग आवाज खाली आणून त्या प्रज्ञाला म्हणाल्या, “सुनेले तर भंडाऱ्यालेच नेतो, बाई. पण माही गाय दोन वर्सं झाले, गाभण नाई राहून राहिली. तिले पाहून देशीन का वं?”

उरलेल्या दिवसांत प्रज्ञानं गावातल्या किती गाई-म्हशी पाहिल्या कोण जाणे. मी बॅग धरून मागे. ती नोकरीवर रुजू व्हायला गेली, तेव्हा स्टेशनवर पोचवायला अर्धी गल्ली आली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी शेजारच्या गावातून फोन आला. “गुरुजी, म्हैस अडली हाय.”

मी रुबाबात म्हणालो, “डॉक्टर मॅडम तर ड्यूटीवर आहेत.”

“मॅडम नाई पायजेत जी. डॉक्टर आले हायेत, दोर हाय, फळी हाय. तुमीच तेवढे कमी हाओ. गाडी धाडून राहिलो.” मग थोडं काळजीनं, “मधात वजन तर नाई ना कमी झालं जी?”

नाही म्हणून सांगितलं आणि गाडी येईपर्यंत आणखी एकदा भात वाढून घेतला. शास्त्रासाठी माणसानं एवढं तरी केलंच पाहिजे!