आक्कांची दुरुस्ती

आक्का फळ्यावरची चूक कधी पुसत नसत. आकडा चुकला की त्यावर आडवी रेघ मारत आणि शेजारी बरोबर आकडा लिहीत. तास संपेपर्यंत फळा गिचमिड होऊन जाई. "पुसलं की चुकलेलं कळत न्हाय, खोडलं की कळतं," म्हणत. बेळगावच्या आमच्या कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या. खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात पुस्तकी मराठी, स्टाफरूममध्ये गावची. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं.

कुणाचा शोधनिबंध छापून आला की आम्ही पेढे मागायचो, आक्का तक्ते मागायच्या. "आधी आकडे बघूया, मग हार घालूया." लोकांना राग यायचा. पण स्वतःच्या निबंधालाही त्यांनी तोच न्याय लावला, आणि तिथून त्यांचं सुख संपलं.

तो निबंध निपाणीच्या तंबाखूच्या वखारींवरचा. पानं निवडणाऱ्या बायकांचा खोकला त्यांनी अभ्यासला होता. काही बायका तोंडाला नुसता पदर बांधत, काहींना मालकांनी मास्क दिलेले. निष्कर्ष असा निघाला, की दोन्हींत फारसा फरक नाही, पदर पुरतो. परदेशी जर्नलनं तो छापला. आमचे विभागप्रमुख सहलेखक होते, दोघांचा सत्कार झाला. काही वर्षांनी वर्गात उदाहरण द्यायला म्हणून आक्का मूळ आकडे काढून बसल्या आणि दुपारी त्यांनी मला हाक मारली. एका मोठ्या वखारीची माहिती संगणकात भरताना दोन्ही गटांची अदलाबदल झाली होती. ती सुधारल्यावर पदरवाल्या बायकांची छाती कितीतरी जास्त बिघडलेली दिसत होती. "हे मीच भरलंय रं," एवढंच त्या बोलल्या. डबा तसाच घरी गेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी जर्नलला कळवलं. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, की सर्व लेखकांची संमती लागेल. विभागप्रमुखांची बढती त्या निबंधावर झाली होती. त्यांनी आक्कांना चहा पाजला, एवढं कोण वाचतंय म्हणाले, निवृत्तीच्या तोंडावर कशाला उकरून काढता म्हणाले. आक्का रोज त्यांच्या केबिनपाशी जाऊन उभ्या राहायच्या. मग ते दार आतून लावून घेऊ लागले. पुढे जर्नलच दुसऱ्या कंपनीकडे गेलं. नव्या संपादकांनी सगळं पहिल्यापासून मागवलं, आणि त्यानंतर उत्तरं यायचीच बंद झाली.

एका रविवारी मला घेऊन आक्का बसनं निपाणीला गेल्या. वखारीत मास्क देणं बंद झालं होतं, आणि निबंधाचं पहिलं पान मालकानं ऑफिसात भिंतीला लावलं होतं. हे चुकलंय, मीच लिहिलंय आणि मीच सांगते, असं आक्कांनी त्याला परोपरीनं समजावलं. मालक उद्धट नव्हता. "मॅडम, चुकलंय म्हणून छापून आणा, उद्यापासून मास्क देतो. तोंडी कसं धरायचं?"

बाहेर शेवंता भेटली. अभ्यासाच्या वेळी बाकीच्या बायकांना तीच बोलावून आणायची. आता चार वाक्यं बोलायची तर मध्ये थांबून दम घेत होती.

"पदर पुरतो म्हणून तुमीच सांगितलं न्हवं, आक्का?"

"व्हय. मीच सांगितलं. चुकीचं सांगितलं."

शेवंता आक्कांच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "असू दे. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय."

परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. संकेश्वर मागं पडल्यावर म्हणाल्या, "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

निवृत्तीनंतरही त्या जर्नलला लिहीत राहिल्या. भेटायला गेलो की इकडचंतिकडचं बोलत आणि मधेच विचारत, "काय आलं का रं?" उत्तर त्यांच्याच नावावर येणार होतं, मला कुठून कळणार? तरी विचारत. गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. शोकसभेत विभागप्रमुखांनी नेमका तोच निबंध गौरवला. मी उभा राहिलो आणि तो चुकीचा असल्याचं, आक्का तो दुरुस्त करायला शेवटपर्यंत धडपडल्याचं सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. ही वेळ नव्हे, असं कुणीतरी हळूच म्हणालं आणि सगळे श्रद्धांजलीसाठी उठून उभे राहिले.

परवा निपाणीच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. वखारीतल्या बायकांसाठी त्या सरकारकडे मास्क मागत होत्या आणि तिकडून त्यांना आक्कांचा निबंध दाखवण्यात आला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सर, बरोबर आकडे कुठं छापलेत?"

"कुठंच नाही," मी म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, "मग मी त्यांना काय दाखवू?"