हिरवा पाहुणा आणि आत्याचा तांब्या

मंडळी, आज दुपारी जामखेडला आत्याकडं मोबाईलवर परग्रहवासीयांच्या एका जुन्या विलायती मालिकेचा भाग पाहिला. बहात्तर सालची मालिका. यान म्हणजे पत्र्याचा डबा, परग्रहवासी म्हणजे हिरवा रंग फासलेला माणूस. कुणी धावलं की मागचा डोंगर हलतो! मी पाचपैकी दोनच गुण देणार होतो.

आत्याला मी मराठीत गोष्ट सांगत होतो. हिरवा माणूस खाली उतरताच शिपायांनी बंदुका रोखल्या. आत्या भडकलीच.

"आरं, एवढ्या लांबून आलाय त्यो. कुनी पानी तरी इचारलं का? भांडनं व्हनारच की!"

मी हसून म्हटलं, "आत्या, त्याच साली इथं दुष्काळ होता. तू दिलं असतंस?"

"हीर आटली हुती. पर दारात आलेल्याला आर्धा तांब्या का व्हईना, दिलाच."

शेवटी कळलं, हिरव्याचं यान घाटात तापलेल्या टेम्पोसारखं बंद पडलं होतं आणि तो पाणीच मागायला आला होता.

दोन गुण मालिकेला, उरलेले तीन आत्याला.

तुमच्या दारात असा पाहुणा उतरला तर हात आधी कशाकडं जाईल, मोबाईलकडं की तांब्याकडं?