सुनेनं मागितलेलं एक वाक्य

मित्रांनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर न्हाई, म्हणून इथं लिहून राह्यलो.

माझी सून रेखा जालन्यात कॅन्सरच्या वॉर्डात नर्स आहे. तो वॉर्ड आता कोरोनाला दिला. केमो सध्या होणार नाही, हे पेशंटला फोनवर सांगायचं काम तिच्याकडं आलं.

ताट बाजूला सारून ती म्हणाली, "आबा, शाळेतल्या कविता तुम्हाला अजून तोंडपाठ. मला एक वाक्य लिहून द्या. खोटं बी नको आन् माणूस घाबरायला बी नको."

बदनापूरच्या शाळेत गुरुजी मला कविता म्हणायला उभं करायचे, तेव्हा सगळा वर्ग गप्प व्हायचा. वाटलं, आपल्याला शब्दांची काय कमी!

'थोडं थांबा' असं लिहिलं.

"गाठ थांबते का, आबा?"

'लवकरच बोलावू' लिहिलं.

"कधी बोलावणार, हे मलाच कुणी सांगंना."

शेवटी तिनं तसाच वडीगोद्रीच्या एका पेशंट बाईंना फोन लावला, कसंबसं सांगितलं. फोन स्पीकरवर होता, बाई म्हणाल्या,

"बराबर आहे ताई, तुमचा काय दोष? पण माझी गाठ लहान होऊन राह्यल्ती ना?"

"हो," रेखा म्हणाली. फोन ठेवून तिनं पदरात तोंड खुपसलं. "आबा, हो म्हणायला नको होतं का?"

आता पुढचा फोन लावायचाय. ती माझ्या कागदाकडं बघून राह्यली. तुमच्यापैकी कुणाला ते वाक्य सुचत असेल तर जल्दी लिहा. मला आज एकही कविता आठवत न्हाई.