ओटीतल्या गोळ्या

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात आमच्या नर्सबाई पाण्याच्या टँकरमधूनच गावात यायच्या. सगळ्या बाया तिथंच सापडतात, म्हणायच्या. वाद मात्र कुणाशी घालायच्या नाहीत.

माझं पहिलं बाळ पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलं आणि गेलं. म्हणून पुन्हा दिवस जायच्या आधीच नर्सबाईंनी मला फॉलिकच्या गोळ्या दिल्या, पुढच्या बाळाचा कणा नीट जुळावा म्हणून. मूल बंद करायच्या गोळ्या समजून सासूबाईंनी त्या उकिरड्यावर टाकल्या.

टँकरच्या पुढच्या खेपेला बाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि वर गोळ्यांची पुडी. ओटीतलं टाकायचं कसं? पुडी देवघरात गेली. रोज पूजा झाली की सासूबाई हाक मारायच्या, "घे, परसाद हाय. चावू नको, गिळ."

महिन्यानं सासूबाईच घागर सोडून टँकरपाशी गेल्या. "बाई, परसाद सरला."

बाईंनी नवी पुडी काढली, आधी कपाळाला लावली, मग दिली.