सरांच्या न्यायीपणाबद्दल दोन शब्द

सर वारले तेव्हा आमच्या विभागात कुणाचेही डोळे ओले झाले नाहीत. तरी संख्याशास्त्राच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, कारण मेलेला माणूस कुणाला वर्गात उभं करून सोलत नाही. विभागप्रमुख मला म्हणाले, "बे शब्द तमारे ज बोलवाना, भाई. तमे तो एमना खास." सरांचा खास म्हणून दोन शब्द मीच बोलायचे होते. विषयही त्यांनीच सुचवला: सरांचा न्यायीपणा.

तो न्यायीपणा सगळ्या विद्यापीठात गाजलेला. एमएस्सीच्या वर्गात फळ्यावर कुणाला बोलवायचं हे सर स्वतः ठरवत नसत. त्यांच्याकडे एक जाड पुस्तक होतं, पानंच्या पानं नुसते आकडे, कसलाही क्रम नसलेले. सर खिडकीकडे तोंड करून म्हणत, "सहावी ओळ, तिसरा रकाना," आणि पहिल्या बाकावरचा मी तिथला आकडा मोठ्याने वाचायचो. ज्याचा रोल नंबर निघेल त्याने जाऊन सिद्धता मांडायची. तो अडला की सर सुरू. शिकवायचे इंग्रजीत, अपमान मात्र ज्याच्या त्याच्या मातृभाषेत करायचे.

माझा नंबर सतरा. दुसऱ्याच आठवड्यात पुस्तकात सतरा आला. माझी काडीची तयारी नव्हती. तोंडातून निघून गेलं, "बावीस."

बावीस नंबर एका मुलीचा होता. वडील गोरव्याच्या कारखान्यात फिटर, मुलगी अबोल आणि आम्हा सगळ्यांत हुशार. त्या दिवशी तिने सिद्धता न अडखळता पूर्ण केली. ते मला फार झोंबलं. पुढे सतरा आला की मी बावीस वाचायचो, आणि नंतर नंतर सतरा नसला तरी बावीसच. भीती केव्हाच संपली होती, मला मजा वाटायला लागली होती. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा नाही वाटली.

रोज रोज उभं केलं की कुणीही चुकतं. तीही चुकायला लागली. सर म्हणायचे, "बाई, गोरव्यात कारखाने पुष्कळ आहेत. तिथे सिद्धता विचारत नाहीत." वर्ग हसायचा. मीही हसायचो, जरा मोठ्यानेच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. मी पहिला आलो, सरांच्या शिफारशीने तिथेच चिकटलो आणि दांडिया बाजारातल्या आमच्या दारावर प्राध्यापक म्हणून पाटी लागली.

कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात सरांच्या वस्तू आणायला हरणी भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. सुनेने एक खोका पायाने पुढे सरकवला. "घेऊन जा एकदाचं," म्हणाली. त्यात ते पुस्तक होतं आणि पुस्तकात आलेखाचा एक घडी घातलेला कागद. आमच्या वर्गाचे सगळे रोल नंबर, आणि कोण किती वेळा फळ्यावर गेलं त्याच्या रेघा. बावीसपुढे रेघांचं कुंपण. खाली सरांनी रीतसर चाचणी लावली होती: हे योगायोगाने होऊच शकत नाही. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात: "वाचणारा चोर आहे. बघू या, कुणाच्या लक्षात येतं का."

म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने तिला रोज उभं केलं, आणि वर मला नोकरी दिली. मला सरांचा इतका राग आला की स्वतःचा राग करायला वेळच उरला नाही. तळाची ओळ मी पट्टी धरून नीट फाडली आणि गॅसवर जाळली. बाकीचा कागद खिशात ठेवला. का ठेवला, ते मला अजून सांगता येत नाही.

कार्यक्रमाला ती आली. केस पांढरे, हातात झेंडूची माळ. एका शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते म्हणाली. फोटोला माळ घालून माझ्या शेजारी येऊन बसली.

"सर वाईट बोलायचे, पण माणूस सरळ हता," ती म्हणाली. "मी तेव्हा हिशेब केला होता रे. इतक्या वेळा माझाच नंबर निघणं शक्यच नव्हतं. तरी निघाला ने! पुस्तक थोडंच खोटं बोलणार? म्हटलं, आपलं नशीबच फुटकं. मग पुढे कुठे अर्जच केला नाही. स्थळं आली, तीही नाकारली. दुसऱ्याच्या घराचं वाटोळं कशाला?"

मला तिची दया आली असं लिहायला आवडलं असतं. मला फक्त सुटायची वाट दिसली. मी खिशातून कागद काढला. "नशीब नव्हतं ते," मी म्हणालो. "सर मुद्दाम करायचे. हे बघ, त्यांच्याच अक्षरात." नाही म्हणायला सर येणार नव्हते.

तिने चष्मा लावला. ती रडेल असं मला वाटलं होतं. पण वह्या तपासाव्यात तसं तिचं बोट एकेका नंबरवरून खाली गेलं आणि सतरावर थांबलं. सतरापुढे एकही रेघ नव्हती. मी शब्द जाळले आणि आकडे तसेच तिच्या हातात दिले होते. आयुष्यभर मुलांना आकडे वाचायला शिकवलेल्या माणसाला हे सुचलं नाही.

"सतरा तुझा ना?"

मी माइककडे बघितलं.

"आणि पुस्तक तूच वाचायचास."

तिने कागदाची घडी घातली. आवाज जरासुद्धा चढला नाही. "इतकी वर्षं मी नशिबाला शिव्या घातल्या रे. आणि तू इथेच होतास. दर चतुर्थीला मी दांडिया बाजारात, तुमच्याच गल्लीतल्या गणपतीला यायचे. माझं नशीब बदल, म्हणून सांगायला."

तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि ठरल्याप्रमाणे सरांच्या न्यायीपणावर दहा मिनिटं बोललो. ती उठून गेली असती तर बरं झालं असतं. ती शेवटपर्यंत समोर बसून ऐकत होती.