मखमलीची उलटी लव

तीस वर्षं मास्तरांनी कापडच कापलं. लांबलचक टेबलावर थरावर थर चढायचे, वरच्या थरावर खडूच्या रेघा उमटायच्या, आणि मग मास्तर विजेवर चालणारं पातं हातात घ्यायचे. त्या पात्याला माघार ठाऊक नाही. शिवण उसवता येते, बटण पुन्हा लावता येतं. कापलेलं कापड मात्र कापलेलंच. म्हणून पातं सुरू करण्याआधी मास्तर एकच शब्द विचारायचे, "मारू?"

समोरच्या टोकाला काकू उभ्या असायच्या. कारखान्यात थर घालायचं काम त्यांचं. थरांच्या कडेवरून सावकाश तळवा फिरवायच्या आणि सांगायच्या, "मारा." कधी भुवई उंचावून म्हणायच्या, "थांबा, मास्तर. खाली एक सुरकुती आहे." आणि सुरकुती असायचीच. काकू आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्या तळव्याने किती कापड वाचवलं, याची मोजदाद कुणी केली नाही. मास्तरांनी तर नाहीच. त्यांना वाटायचं, हात आपला चांगला आहे.

मग नाट्यगृहाचं काम आलं. आधी खुर्च्यांची मखमली कव्हरं, मागून मोठा पडदा. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर मऊ आणि फिकट, उलटा फिरवला तर खरखरीत आणि गर्द. म्हणून तिचे थर सगळे एकाच दिशेने घालायचे; प्रत्येक थराला ताका उचलून पुन्हा पहिल्या टोकाला न्यायचा. पण त्या मंगळवारी घाई होती.

"ताका उचलू नका, जा-ये करत घाला," मास्तर म्हणाले.

"थांबा, मास्तर. लव उलटी येईल."

"काकू, मला शिकवू नका. घाला."

काकूंनी घातले. शनिवारी निम्मी कव्हरं गर्द आणि निम्मी फिकट म्हणून नाट्यगृहाकडून परत आली. मालक वरच्या काचेच्या खोलीतून तरातरा खाली उतरले, "थर कुणी घातले?" म्हणून ओरडले, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "यांनी. डोळे कुठे गहाण ठेवले होते कुणास ठाऊक."

काकूंनी एकदा मास्तरांकडे पाहिलं. टेबलावरचा खडूचा तुकडा उचलला. मालकांनी त्यांना वीस माणसांसमोर फैलावर घेतलं, तेव्हाही तो बोटांत फिरवत राहिल्या.

सोमवारपासून मास्तरांचं बिनसलं. "मारू?" विचारलं की शब्द पुरा होण्याआधीच काकू म्हणायच्या, "मारा." तळवा फिरवणं नाही, की वाकून बघणं नाही. नजर समोरच्या भिंतीवर. मास्तर पातं हातात घेऊन उभेच राहायचे. मग स्वतः टेबलाला वळसा घालायचे, थर चाचपायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. त्यांच्या बोटांना काही कळायचं नाही. तीस वर्षांत ती बोटं फक्त कापायला शिकली होती.

"आज कारखाना आहे की परीक्षेचा वर्ग?" काजाच्या मशीनवरचा माणूस म्हणाला. एरवी त्याच्या असल्या बोलण्यावर हशा व्हायचा. आज तो एकटाच हसला, आणि मग मान खाली घालून काज पाडू लागला. मास्तरांच्या लक्षात आलं, एकट्या काकूच नव्हे, कुणीच काही सांगत नाही. धागा संपला तरी सांगत नाहीत. विचारलं की "हो मास्तर", एवढंच.

घरी बायको म्हणाली, "तीनदा ढवळलात तो चहा. साखर अजून घातलेली नाही."

"मग घाल की."

"आधी काय झालंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. सगळं नाही, आपली बाजू तेवढी गुळगुळीत करून. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांनी आधी सांगितलं होतं तुम्हाला?"

मास्तर बिनसाखरेचा चहा प्यायले.

बुधवारी पडद्याची मखमल टेबलावर आली. चार ताके, मुद्दाम रंगवून घेतलेले. एक पट्टा वाया गेला तरी बदली कापड नव्हतं. थर लागले, रेघा झाल्या. मास्तरांनी पातं उचललं. "मारू?"

"मारा."

मास्तरांचा अंगठा बटणावर होता, पण दाबेना. त्यांनी पातं खाली ठेवलं.

"काकू, त्या दिवशी चूक माझी होती. तुम्ही सांगत होतात, मीच ऐकलं नाही. आणि वर खोटं बोललो." आवाज त्यांच्या मनात होता त्याहून बारीक निघाला, पण मशीनं थांबली.

काकूंनी कडेचा एक धागा तोडला. "मला कशाला सांगता? मला ठाऊकच आहे. ज्यांच्यासमोर बोललात त्यांना सांगा."

"वर जाऊन?"

"तिथेच बसतात ना ते?"

दोघं जिना चढले. मालक फोनवर होते. मास्तर दाराशी उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. फोन संपल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, या वेळी काहीही गुळगुळीत न करता. आणि म्हणाले, "यांना बोललात ते मला बोलायला हवं होतं."

मग मालक बोललेच. काच पातळ होती, खालच्या माना वर वळल्या. "तीस वर्षं काय केलंत? मास्तर म्हणून ठेवलंय कशाला तुम्हाला?" मास्तरांचे कान तापले. उत्तरं जिभेवर येत होती, तेव्हा घाई कुणी केली होती, वगैरे. ती त्यांनी गिळली. शेजारी उभ्या असलेल्या या बाईने हेच, काही केलेलं नसताना, ऐकून घेतलं होतं.

जिना उतरताना काकू पुढे होत्या. मध्येच थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "चौथा ताका बघा. रंग थोडा वेगळा आहे."

मास्तरांनी कठडा धरला. "कधी कळलं?"

"काल. उतरवून घेतानाच."

'मग बोलला का नाहीत?' हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला आणि तिथेच विरला. खाली येऊन दोघांनी थर सोडवले, चौथा ताका खिडकीच्या उजेडात नेला आणि पहिल्याला लावून उलगडला. मास्तरांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली. त्यांना तो एकच रंग दिसत होता.

"कुठे आहे फरक?"

"तिकडून नाही दिसायचा," काकू म्हणाल्या. "इकडे या. वाका जरा."

मास्तर त्यांच्या बाजूला गेले आणि वाकले.