तारखेची बाई

जव्हारच्या एसटी डेपोसमोर माझी चहाची टपरी आहे. पोशेऱ्याची ती बाई जीपमधून उतरली, की मी विचारायचो, “तारीख?” ती मान हलवून कोर्टासाठी पालघरची गाडी धरायची. तिच्या दिराने तिचा नवरा, सासू, सासरे कोयत्याने मारले होते, साक्षीदार हीच. सोबत दिराचीच आईवेगळी पोर असे. बशीतला चहा फुंकून बाई आधी तिला पाजायची.

“खुन्याची ना ही?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

“नाय, घरची हाय,” बाई म्हणाली.

त्याला मी थंड चहाच दिला.

दिराला जन्मठेप झाली. काल दोघी पुन्हा उतरल्या. सवयीने विचारलं, “तारीख?”

बाई हसली. पोरच ओरडली, “हां, शालेची! माजा नाव घालायचाय!”